ओल्या तणसाचा धूर

फाट्यावर उतरून पाळीवर, मातीच्या बांधावर, चढले तेव्हा तलावावर धुकं होतं. पाण्यालगत पसरलेलं, कंबरेएवढं उंच. त्याच्यावर पलीकडच्या काठावरची चिंच आणि चिंचेच्या डाव्या हाताला आमच्या घराच्या छपराचे कवेलू तरंगल्यासारखे दिसत होते. माझ्या हातात पिशवी आणि खांद्यावर मोठी बॅग. या वेळी हॉस्टेलच्या खोलीतलं सगळं सामान मी घेऊन आले आहे, भिंतीवरचा आरसासुद्धा. परत नागपूरला जायचं की नाही हे अजून ठरलेलं नाही.

पाळीवर चढलं की नजर आपोआप कवेलूंकडे जाते. धूर शोधते. आजही गेली. तिथे धूर नव्हता, असायचं काही कारणही नव्हतं. बाबांना जाऊन आता पावसाळा उलटला. पण नजरेला हे अजून कोणी सांगितलेलं नसावं.

मी तर्कशास्त्र शिकले हे गावात सांगायची मला लाज वाटायची. म्हणजे काय शिकते, असं कोणी विचारलं तर मी "बी.ए." एवढंच म्हणायची. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. बाबा तलावात जाळं टाकायचे, धान रोवण्याच्या दिवसांत आई मजुरीला जायची. गडचिरोलीच्या कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीवर मराठी आणि इतिहास भरल्यावर तिसरा विषय कोणता, असं बाबूंनी विचारलं. मला सुचेना. मागची मुलगी घाई करत होती. बाबूच म्हणाले, "तत्त्वज्ञानात जागा खाली आहेत." तशी मी त्या विषयाकडे गेले.

तो वर्ग सायकल स्टँडच्या बाजूला, एका लांबट खोलीत भरायचा. खिडकीबाहेर कडुनिंब होता. पावसाळ्यात भिंतींना ओल यायची आणि खडूचा, ओल्या चुन्याचा नि निंबोळ्यांचा मिळून एक वास खोलीत राहायचा. अजूनही कुठे ओली भिंत दिसली की मला तिथे शिकलेला 'व्याप्ती' हा शब्द आठवतो. मुलं थोडीच, त्यात रोज येणारी त्याहून थोडी. माझ्या शेजारी शबाना बसायची. ती अहेरीची. तिचे अब्बू तिथे लोखंडी खाटा आणि दारं बनवायचे. ती वर्गात सगळ्यांत मोठ्याने हसायची, आणि सर शिकवत असताना माझ्या कानात बोलायची. ती नसती तर त्या खोलीत मी तोंड उघडलं नसतं.

सरांचं शिकवणं संथ होतं. ते दर वाक्यानंतर थांबून खिडकीबाहेर बघायचे, जणू पुढचं वाक्य कडुनिंबावरून उतरून येणार आहे. भारतीय तर्कशास्त्रातल्या अनुमानाच्या पाच पायऱ्या त्यांनी आमच्याकडून पाढ्यासारख्या म्हणून घेतल्या होत्या. डोंगरावर आग आहे. कारण तिथे धूर आहे. जिथे जिथे धूर, तिथे तिथे आग, जशी चूल. या डोंगरावर तसाच धूर आहे. म्हणून डोंगरावर आग आहे. आणि उलट बाजूचं उदाहरण: जिथे आग नाही, तिथे धूर नाही, जसा तलाव.

इथे मी हात वर केला होता. का केला, देव जाणे.

"सर, आमच्या तलावातून धूर निघते."

वर्ग हसला. शबाना कानात म्हणाली, "मेरी माँ, मच्छी पानीतच भाजून खातेत का तुम्ही?"

सर मात्र हसले नाहीत. "कधी निघतो?"

"थंडीत. सकाळी."

"त्याला वास येतो?"

मी आठवून पाहिलं. मासे धरायच्या डोंग्यात बाबांच्या पुढ्यात बसून मी त्या धुरातून कितीदा गेले होते. बाबांच्या विडीचा वास यायचा, ओल्या जाळ्याचा यायचा, शेवाळाचा यायचा. "नाही, सर."

"डोळे झोंबतात?"

"नाही."

"मग तो धूर आहे की धुरासारखं काही?" सर खिडकीबाहेर बघत थांबले. "अनुमान चुकतं ते बहुतेक वेळा इथेच. आग आहे की नाही, यावर लोक भांडत बसतात. धूर हा धूरच आहे का, हे आधी पाहायचं असतं."

मी खाली बसले. कान तापले होते. पण आत कुठेतरी मला फार बरं वाटलं होतं. आमचा तलाव, ज्याचं नाव पंचक्रोशीबाहेर कोणाला माहीत नाही, तो त्या जुन्या शास्त्रात उदाहरण म्हणून बसला होता.

आई गेली ती त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात. मोहाची फुलं पडून संपली होती, तेंदूची पानं वाळत घातली होती. त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. वाळत्या पानांचा कडवट वास आठवतो, आणि घरात आलेल्या बायांच्या बांगड्यांचा आवाज. आईने सणासाठी म्हणून चूल नुकतीच सारवली होती. तिच्या बोटांच्या ओळी चुलीच्या कडेवर तशाच होत्या.

कॉलेज सुरू व्हायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, मी जात नाही. बाबा जाळं विणत बसले होते. ते कमी बोलायचे. त्यांनी सुई थांबवली.

"काऊन?"

"तुमाले कोन रांधून देईन?"

"मले हात नाई का?"

"तुमी उपाशी राहाल. फोनवर इचारलं त म्हनाल, जेवलो."

आणि ते खरंच होतं. बाबांना ताप असला तरी ते फोनवर "बरा आहो" म्हणायचे. गावात फोन लागायचा तोही फक्त पाळीवर. सर सांगायचे, की ज्ञानाचं एक साधन म्हणजे शब्द, भरवशाच्या माणसाचं वचन. बाबांइतका भरवशाचा माणूस मी पाहिला नाही, आणि स्वतःच्या बाबतीत त्यांच्याइतकं खोटं बोलणाराही नाही. गॅसची टाकी घरात होती, पण आईला तिची भीती वाटायची. रिकामी झाली तेव्हापासून तिच्यावर पाण्याचा गुंड ठेवलेला होता. म्हणजे जे काही शिजेल ते चुलीवरच.

मग मी अट घातली. दर शनिवारी मी दुपारच्या गाडीने येणार. पाळीवरून आपल्या घरावर धूर दिसला पाहिजे. धूर दिसला तर शिकेन. ज्या दिवशी दिसणार नाही त्या दिवसापासून घरी.

बाबांनी सुई पुन्हा चालू केली. "बरं," म्हणाले.

ते शनिवार मला आज एकामागून एक नीट लावता येत नाहीत. सगळे मिळून एकच लांब शनिवार झाल्यासारखा वाटतो. लाल गाडी फाट्यावर सोडून जायची, तिच्या मागे डिझेलचा वास राहायचा. पाळीवर पळसाची झाडं. पावसाळ्यात बेडूक इतके ओरडायचे की पायांखालची माती थरथरते असं वाटे. धान कापल्यावर बांध्यांत लाखोरी उगवायची, तिची निळी फुलं, आणि त्या कोवळ्या पाल्याचा वास. उन्हाळ्यात तलाव आटत जायचा, कडेचा चिखल भेगाळायचा, आणि त्यातून वाळलेल्या शिंपल्या चमकायच्या. हे सगळं बदलत राहायचं. आणि पलीकडे, चिंचेच्या डाव्या हाताला, धूर असायचा. पांढरा, दाट, सरळ उभा.

तो दिसला की छातीतलं काहीतरी खाली बसायचं. मग तलावाला वळसा घालून चालायला लागायची, आणि चिंचेजवळ आलं की पाय आपोआप भरभर पडायचे.

घरी भात झालेला असायचा. भाजी बहुतेक शेजारच्या रुक्माकाकूंकडून आलेली. संध्याकाळची चूल मी पेटवायची. बाबा बाजूला बसून मासे साफ करायचे, मांजर त्यांच्या गुडघ्याला अंग घासत राहायचं. आम्ही फार बोलत नसू. कधी ते विचारायचे, "काय शिकली या हप्त्यात?" मी सांगायची. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "मंग आग त दिसतेच ना डोंगरावर. त्याच्यात शिकाचं काय?"

"दिसत नाई बाबा, फक्त धूर दिसते."

"मंग चढून पाहाव."

मी हसायची. आता वाटतं, तेव्हा जरा जास्त हसायला हवं होतं.

मग तो वर्ग आला. थंडीचे दिवस होते, खिडकी लावलेली होती. सरांनी त्या दिवशी प्रश्न उलटा केला. धूर आहे म्हणून आग आहे, हे ठीक. पण आग आहे म्हणून धूर आहे, असं म्हणता येईल का?

शबानाने हात वर न करताच उत्तर दिलं. "नाही सर. अब्बू लोखंड लाल करतेत भट्टीत. बाहेर काढलं का धूर बिलकुल नाई. पन हात लावून पाहा मग, आग आहे का नाई समजते."

सरांना इतका आनंद झाला की ते तिच्या बाकापाशी आले. जुन्या ग्रंथांतही हेच उदाहरण आहे म्हणाले, तापलेला लोखंडाचा गोळा. शबाना माझ्याकडे बघून भुवया उडवत होती. "देखा?" सर पुढे बोलत होते. आगीतून धूर निघायला आणखी एक गोष्ट लागते, तिला उपाधी म्हणतात. ती म्हणजे ओलं इंधन. लाकूड खणखणीत वाळलेलं असेल तर धूर जेमतेम निघेल. धूर जितका पांढरा नि दाट, तितकं इंधन ओलं.

मी लिहीत होते. लिहिता लिहिता पेन थांबला.

बाबा लाकूड उन्हाळ्यातच फोडून, पडवीत रचून ठेवायचे. आमच्या घरी ओलं लाकूड कधी चुलीत गेलं नाही. आईच्या चुलीचा धूर मला माहीत होता. तो कवेलूंच्या फटीफटींतून यायचा, निळसर, विरळ, छप्परभर पसरलेला. लांबून पाहिलं तर घर श्वास सोडत आहे असं वाटायचं. आणि शनिवारचा धूर पांढरा होता. दाट होता. एका जागेवरून सरळ उभा होता. घरातून निघाल्यासारखा नव्हता, घरामागून निघाल्यासारखा होता.

मी घरी पोचायची तेव्हा चूल थंड असायची. मला वाटायचं, भात कधीचाच झाला असेल. परसात वांग्यांच्या वाफ्यावर ताजी राख असायची. मला वाटायचं, पाला जाळला असेल.

शबाना विचारत होती, "क्या हुआ? रडतेस काऊन?" मी म्हटलं, खडू डोळ्यांत गेला.

बुधवारी मी न सांगता गाडीत बसले. रस्ताभर मनातल्या मनात मी माझंच अनुमान खोडत होते. यंदा पाऊस लांबला, लाकूड भिजलं असेल. वारा नसेल तर धूर सरळ उभा राहतो. सरांनी शिकवलेला प्रत्येक दोष मी माझ्या तर्काला लावून पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा मला मनापासून चुकायचं होतं.

पाळीवर चढले. आजूबाजूच्या घरांवर स्वयंपाकाचा धूर होता. आमचे कवेलू स्वच्छ.

घराला कडी होती. आत चुलीतल्या राखेत मांजर गोल होऊन झोपलं होतं. आईच्या बोटांच्या ओळींवर काजळीचा नवा थर नव्हता. कोनाड्यात मुर्ऱ्यांची पिशवी आणि गूळ. परसात तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, एक लहान ढीग, त्याच्या बाजूला पाण्याचा मग.

बाबा आले ते खांद्यावर जाळं घेऊन. मला पाहून दारातच थबकले.

"आज काऊन वो माय? आज त शनवार नाई."

"चुलीत मांजर झोपून हाय, बाबा."

"त्याले थंडी लागते."

"थंड चुलीत?"

त्यांनी जाळं खुंटीला अडकवलं. थोडं हसल्यासारखे झाले. "कॉलेजात हेच शिकवतेत का?"

"हो. धूर कायचा करता?"

"तनसाचा."

"ओल्या?"

"वाळल्या तनसाले धूर कुठी येते? भक्कन जळून जाते. थोडं पानी शिपडा लागते." आणि मग माझा चेहरा पाहून घाईघाईने, "मी खोटं नाई बोललो. तू म्हटली, धूर दिसला पायजे. दाखवला धूर."

"धूर म्हंजे चूल पेटली, असं ठरलं होतं."

"असं तू ठरवलं. मी 'बरं' म्हटलं फक्त."

मला राग आला होता, आणि त्या रागात हसूही येत होतं, आणि दोन्ही दाबताना आवाज फाटला. "मंग मी येते वापस. नाई शिकत."

बाबा चुलीसमोर बसले. मांजराला त्यांनी उठवलं नाही. बराच वेळ ते त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"चूल पेटवली का घर बोलते," ते म्हणाले. "लाकूड तडतडते. गंजावरचं झाकन वाजते. मले वाटते तुही माय मागं हाय. मंग वळून पायतो त…" ते थांबले. "म्हून नाई पेटवत. खातो मी. फाट्यावर भजे खातो, मुर्रे खातो. शनवारचा भात रुक्मा देते. उपाशी नाई राहात. पन चूल पेटवाले नोको सांगू."

पाच पायऱ्यांत हे मला कुठेच बसवता आलं नाही. आजही येत नाही.

कुंपणापलीकडून रुक्माकाकू सगळं ऐकत होत्या. आमच्या गावात कुंपणाचा उपयोग तेवढाच. "झालं का बापलेकीचं कोर्ट?" त्या ओरडल्या. "पोरी, तू जाय तुह्या शाळेत. ह्याले मी चारतो. सकाळ-संध्याकाळ ताट वाढतो, मांडीवर घेऊन भरवाले नोको सांगू म्हंजे झालं!"

"तुह्या हातचं अळनी जेवन कोन खाईन?" बाबा पुटपुटले.

"आयकू आलं गा भाऊ! मरळ मासोळी देशीन तवाच भाजी भेटन आता!"

तसं ठरलं. पुढे बाबा दोन्ही वेळा रुक्माकाकूंच्या ओसरीवर जेवायला लागले. मी निघताना पायांत चपला घातल्या आणि उभीच राहिले.

"बाबा, धूर करत जा पन."

"आता काऊन?"

"पाळीवरून बरा दिसते."

 पुढच्या शनिवारी धूर होता. त्याच्या पुढच्याही. आता त्यावरून मला काहीच सिद्ध करायचं नव्हतं. चूल थंड आहे हे मला माहीत होतं, मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. एक माणूस हातात पाण्याचा मग घेऊन तणसापाशी बसला आहे, गाडीच्या आवाजाकडे कान लावून, एवढंच त्या धुरातून कळायचं. सरांना मी हे सांगितलं नाही. कधीकधी वाटतं, सांगायला हवं होतं.

मग बी.ए. संपलं. शबाना अहेरीला परत गेली, सर निवृत्त झाले. मी एम.ए.ला नागपूरला गेले. तिथल्या खिडकीतून दुसऱ्या इमारतींच्या खिडक्या दिसतात. तिथे सगळे गॅसवर रांधतात, आग खूप असेल पण धूर कुठेच नाही. बाबा गेल्यापासून मी वर्गात जाणं सोडलं. अटच उरली नाही, मग शिकायचं कशाला, असं काहीसं मनात होतं. हा तर्क चुकीचा आहे हे मला समजतं. 'धूर दिसला तर शिकेन' यावरून 'धूर नाही म्हणून शिकणार नाही' असं निघत नाही. पहिल्या वर्षाची मुलंही हा दोष ओळखतात. पण बाबांना मी दुसरं वाक्यही बोलले होते, ज्या दिवशी दिसणार नाही त्या दिवसापासून घरी. आणि ते मी माझ्या तोंडाने बोलले होते.

आज सकाळी घराची कडी काढली तेव्हा बंद घराचा वास आला, उंदरांचा, मातीचा. मांजर रुक्माकाकूंकडे राहायला गेलं आहे. चूल तशीच. मी तिच्याजवळ बसले, आईच्या ओळींवर बोटं ठेवून पाहिली. माझी बोटं आता तिच्याएवढी झाली आहेत.

परसात गेले. वांग्यांचा वाफा गवताने भरला आहे. कुंपणाला टेकून तणसाचा ढीग अजून होता, खचलेला, काळपट पडलेला. पाण्याचा मग त्याच्याजवळ पालथा पडला होता. ढिगात हात घातला, दवाने तणस ओलं होतं. पाणी शिंपडायचीही गरज नव्हती.

पेटता पेटेना. आगपेटीच्या काड्या विझत गेल्या. शेवटी खालच्या कोरड्या काड्यांनी जीव धरला, आणि धूर आला. डोळे झोंबले, घशात गेला, केसांना वास लागला. धूरच होता, धुरासारखं काही नव्हतं. तो सरळ उभा राहिला तशी मी घराबाहेर पडले, तलावाला वळसा घालून पुन्हा पाळीवर गेले, आणि मग वळून पाहिलं.

रुक्माकाकू धुण्याची बादली घेऊन पाळीवरून येत होत्या. त्याही थांबल्या. त्यांनी घराकडे पाहिलं, मग माझ्या काळ्या हातांकडे.

"अजून हाय वो तनस?"

"हाय थोडं."

बादली त्यांनी खाली ठेवली. पाण्यावरचं धुकं आता विरत होतं. पदराने डोळे पुसून त्यांनी विचारलं, "मंग? जाशीन का नागपूरले वापस?"

"धूर त दिसून राह्यला, काकू," मी म्हटलं.

बॅग घरीच होती, ती आणायला निघाले. त्या घरात कोणी नाही, हे मला माहीत होतं. धूर मीच केला होता. तरीही चिंचेजवळ आल्यावर माझे पाय भरभर पडायला लागले.